डोळ्यावर मारलेली रेघ

"हे लाल काय आहे?" टाकळकर सरांनी त्यांचा मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

मोबाईलवर त्यांच्याच नर्सिंग स्कूलची वेबसाईट उघडी होती. मी बनवलेली. वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा त्यांनी दाबल्या होत्या आणि मेनू पडद्यासारखा खाली आला होता. मुखपृष्ठ, संस्था, अभ्यासक्रम, प्रवेश, वसतिगृह, फोटो, संपर्क. आणि सगळ्यात शेवटी, लाल अक्षरांत, तक्रार.

"फॉर्म आहे सर तक्रारीचा. तपासणीला येणाऱ्या कमिटीच्या यादीत होता. यादी तुम्हीच दिलीत."

"यादीत आहे म्हणून टाकायचा. लाल कशाला?"

"सापडावा म्हणून."

सर हसले. ते संस्थेचे सचिव होते आणि त्यांच्या हसण्यावर ऑफिसातली माणसं हसायची. तेव्हा ऑफिसात मी एकटीच होते, म्हणून मी हसले.

"बेटा, दीडशे पोरी आहेत होस्टेलात. प्रत्येकीच्या हातात मोबाईल. उद्यापासून वरणात मीठ नाही म्हणून तक्रार, पंखा वाजतो म्हणून तक्रार. मी संस्था चालवू का पोरींची पत्रं वाचत बसू?"

"मग काढून टाकते."

"काढून कसा टाकतीस? कमिटीला दिसला पाहिजे ना."

यापुढचं जे आहे ते त्यांनी सुचवलेलं नाही. ते माझं आहे.

"कमिटी कशावर बघणार सर?" मी विचारलं.

"हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर. लॅपटॉप लावून."

"आणि पोरी?"

"पोरींकडं कुठले आले लॅपटॉप? लॅबला तर कुलूप असतं."

मी बॅगेतून लॅपटॉप काढला.

मला कोडिंग यायचं नाही. बारावीनंतर व्हिडिओ बघून बघून शिकले होते. परभणीत एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल मला मिळालं होतं, तिथं बसून मी मंगल कार्यालयांच्या, डॉक्टरांच्या वेबसाईटी बनवायची. ज्या सॉफ्टवेअरवर बनवायची त्यात लिहावं लागत नाही काही. पाटी उचलायची, इकडून तिकडं सरकवायची, रंग द्यायचा. वर तीन चित्रं असतात: कॉम्प्युटर, टॅबलेट, मोबाईल. जे दाबाल त्या मापात साईट दिसते. मोबाईल अरुंद, म्हणून त्याच्यासाठी काही गोष्टी लपवायची सोय असते. प्रत्येक पाटीशेजारी एक बारका डोळा असतो. तो दाबला की डोळ्यावर आडवी रेघ येते आणि ती पाटी तेवढ्या मापात दिसेनाशी होते. बाकी ठिकाणी असते जागच्या जागी.

मी मोबाईलचं चित्र दाबलं. तक्रारीशेजारचा डोळा दाबला. दोन क्लिक.

"आता उघडा परत."

सरांनी मोबाईलवर पान परत उघडलं. तीन रेघा दाबल्या. बोटानं खालपर्यंत गेले. मग लॅपटॉपकडं बघितलं. तिथं ती लाल पाटी ठसठशीत.

"गेला की! आणि इथं आहे!" जादूगारानं कानामागून रुपया काढल्यावर पोरं बघतात तसे ते बघत होते. "इंजिनिअर लोकांना सुचत नाही हे. कुठं शिकलीस?"

"व्हिडिओ बघून."

"शाब्बास. तुझी बहीण आपल्याकडंच आहे ना? उत्पला. शेवटचं वर्ष. बघू, प्रॅक्टिकलचं बघू तिच्या."

परत येताना एसटीतून मी त्यांना मेसेज केला. 'सर, मोबाईलवरून काढलं. आता मुलींना दिसणार नाही.' पुढं एक अंगठा टाकला. एक हसरं तोंड टाकलं.

माझे बाबा नगरपालिकेत झाडलोटीला होते. माय शाळेत खिचडी शिजवायची. आमच्या घरात, बाबांच्या भावांच्या घरांत, मामाच्या घरात, कुणीही कधी पांढरा ड्रेस घालून कामावर गेलेलं नव्हतं. उत्पला जाणार होती. एवढी एक परीक्षा, की सरकारी दवाखान्यात सिस्टर. माय भाजीवालीलाही सांगायची, "थोरली कॉम्प्युटरवर काय बाई करती, मला नाही समजत. पण धाकटी माझी सिस्टर होणार."

सरांनी ती लाल पाटी बघायच्या आदल्याच रविवारी उत्पला घरी आली होती. मी तिला लॅपटॉपवर साईट दाखवली. खाटेवर मांडी घालून ती शेंगा सोलत होती.

"ताई, आमचं कॉलेज एवढं चांगलं हाय व्हय?"

"फोटोत हाय."

"हे लाल कामून केलंस?"

"तक्रारीचं. कुणाचं काही असंल तर लिहायचं."

"नाव टाकावं लागतं?"

"नाही टाकलं तरी चालतं. हे बघ, लिहिलंय."

शेंग तिच्या बोटात तशीच राहिली. "आणि वाचतं कोण?"

"कमिटी," मी म्हणाले. खरं तर फॉर्म कुणाला जाणार तो पत्ता अजून भरायचा होता. पण धाकट्या बहिणीला कोण सांगतं, मला माहीत नाही म्हणून.

कमिटी आली, बघून गेली, खूश झाली. सरांनी मला हॉलमधला फोटो पाठवला. भिंतीभर पडदा, त्यावर माझा मेनू आणि त्यात ती लाल पाटी. तो फोटो मी माझ्या स्टेटसला ठेवला.

साईटला मी एक फुकटातली सोय जोडली होती. आलेला माणूस कुठं बोट लावतो, कुठं थांबतो, ते टिपून ठेवणारी. नाव कळत नाही, नंबर कळत नाही. नुसता एक पांढरा ठिपका पडद्यावर फिरताना दिसतो. कमिटी गेल्यावर पंधरा दिवसांनी मी ती उघडली.

एकच मोबाईल, रोज. दुपारी सव्वाच्या सुमाराला. ठिपका सरळ तीन रेघांवर जायचा. मेनू उघडायचा. सावकाश एकेका नावावरून खाली यायचा, संपर्कपाशी थांबायचा. मग त्याच्याही खाली, जिथं काहीच नव्हतं तिथं, दोनदा बोट. बंद. परत उघड. परत खालपर्यंत. कधी चारदा, कधी सातदा. मग जायचा.

मी चिडले. माझा मेनू इतका सोपा, आणि या माणसाला काय सापडत नाही? अक्षरं सोळाची होती, अठराची केली. दोन नावांमधली जागा वाढवली. मेनू हळूहळू उतरायचा, तो झटकन उघडेल असा केला. दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता ठिपका हजर. आता मेनू झटकन उघडला आणि तो झटकन खाली आला. संपर्कच्या खाली. दोनदा बोट.

साईटी बनवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप होता. त्यावर मी तो व्हिडिओ टाकला. 'युजरला तीन रेघांचा मेनू समजत नाही. काय करावं?'

एकानं लिहिलं, 'आजीबाई असतील.' दुसऱ्यानं लिहिलं, 'बोट अडकलं असेल बिचारीचं.' हसून हसून रडणारी तोंडं आली वीसेक. मीही एक टाकलं.

त्याच आठवड्यात उत्पलाचा फोन आला. माझ्यासमोर एक मंगल कार्यालयवाला बसला होता. त्याला लॉनचे फोटो मोठे पाहिजे होते.

"ताई, काय करायलीस?"

"गिऱ्हाईक बसलंय. बोल लवकर."

"साईटवर लॅपटॉपवर दिसतं ते सगळं मोबाईलवर बी दिसतं का?"

"सगळं नसतं दिसत. मोबाईलवर जागा कमी असती."

"मग काय ठिवायचं, काय नाही, ते कोण ठरवतं? सर?"

कार्यालयवाला माझ्याकडं बघत होता. मी खुर्चीत ताठ झाले. "सरांना काय कळतं त्यातलं? मी ठरवते."



"बरं," उत्पला म्हणाली. "जेवलीस का?"

"जेवीन. ठेव."

दीड महिन्यानं, एका मंगळवारी भर दुपारी, दुकानासमोर रिक्षा थांबली. उत्पला उतरली. मागं पत्र्याची पेटी, वर गादीची वळकटी. झेरॉक्सवाल्या जाधवकाकांनी पेटी आत घेतली आणि काही न विचारता चहा सांगायला निघून गेले.

"सुट्ट्या लागल्या?"

"नाही. सोडलं."

"काय सोडलं?"

"कॉलेज."

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मायचं नाव घेतलं, बाबांच्या खराट्याचं नाव घेतलं. ती स्टुलावर बसून झेरॉक्सच्या मशीनकडं बघत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "हजेरी कमी भरली. प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत."

"हजेरी कशी कमी भरली? ड्युटीला जात नव्हतीस?"

"गाडीत बसत नव्हते."

सकाळी दवाखान्यात ड्युटीला पोरींना न्यायला संस्थेची मोठी जीप होती. चालवायचा सरांचा पुतण्या, श्रीधर. हजेरीही तोच मांडायचा. मागं दहा-बारा पोरी दाटून बसायच्या आणि पुढं, त्याच्या शेजारी, एक. कोण, ते तो नाव घेऊन सांगायचा.

"पहिले आठ दिवस मला वाटलं, चला, बसायला जागा तरी मिळाली," उत्पला म्हणाली. "मग गिअर टाकताना त्याचा हात गिअरवर नसायचा, ताई."

दुकानात दोन पोरं आली, आधार कार्डाची झेरॉक्स मागायला. मी त्यांना हाकलून लावलं.

"मागच्या पोरी?"

"खिडकीतून भाईर बघायच्या. मी बी मागं असताना भाईरच बघितलं होतं. माझ्या आधी दुसरी होती ना."

"किती दिवस?"

"आषाढापासून. मग मी पुढं बसायला नाही म्हणलं. तो म्हणला, मग उतर. रोज उतरायचे. रोज गैरहजर."

"मला सांगायचं नाही? फोन होता ना तुझ्याकडं?"

"तुझं काम होतं तिथं. पहिलंच मोठं काम." ती अजून मशीनकडंच बघत होती. "आणि तू दाखवलंतंस ना, नाव न टाकता लिहिता येतं म्हणून. मला वाटलं तसंच लिहावं, कुणाला कळायचं नाही. जेवायच्या सुट्टीत रोज उघडायचे. सापडंना. मला वाटलं माझा मोबाईल जुना हाय म्हणून. पोरींचे मागून बघितले. मग तुला फोन केलता."

मला ते आठवलं. शब्द न् शब्द आठवलं.

"तू विचारायचं ना, तक्रार कुठं गेली म्हणून!"

"विचारलं की. कोण ठरवतं म्हणलं. तू म्हणलीस, मी." आता तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, ताईनं काढलं तर कायतरी कारण असंल. तुला जास्त कळतं."

मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. मोबाईलचं चित्र दाबलं, डोळ्यावरची रेघ काढली, साईट प्रसिद्ध केली. तिचा मोबाईल तिच्या हातातून ओढून घेतला आणि मेनू उघडून तिच्यासमोर धरला.

"हे बघ. आला. आता लिही. सगळं लिही, मी बसते शेजारी."

तिनं त्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं नाही. "हे जातं कुणाकडं?"

"म्हणजे?"

"वाचतं कोण? कमिटी म्हणलीतीस."

मी फॉर्मच्या आतल्या भागात गेले. कुणाला पाठवायचं ते लिहिलेली चौकट उघडली. कमिटी यायच्या आदल्या दिवशी सरांनी फोनवर सांगितलेला पत्ता मीच तिथं टाकला होता. टाकला आणि विसरले. टाकळकर सरांचा स्वतःचा ईमेल.

तिनं माझं तोंड वाचलं.

"मग बरं झालं नाही दिसला," उत्पला म्हणाली. "मी त्यांनाच लिहिलं असतं."

जाधवकाका चहा घेऊन आले. तिनं दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि फुंकून फुंकून प्यायली.

"पोलिसात जाऊ," मी म्हणाले.

"मी नाही येणार."

"मी आहे ना!"

"तू असतीस, ताई. पण सांगावं मला लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी एकटी गेले. सर पूजा करून नुकतेच ऑफिसात बसले होते. मी उभ्यानंच बोलले. श्रीधर, जीप, पुढची सीट, हजेरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही. मग चष्मा लावला आणि मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागले.

"पोरींना तक्रारीची सोय नव्हती म्हणतीस?"

"तुम्ही लपवायला लावली."

"मी?" त्यांना जे पाहिजे होतं ते सापडलं. मोठ्यानं वाचलं, पोथी वाचावी तसं. "'सर, मोबाईलवरून काढलं. आता मुलींना दिसणार नाही.' हे कुणी लिहिलं? आणि हा अंगठा? हे हसायलंय हे कोण?"

मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता, असं मला नंतर कळलं. शिपाई धावत आला म्हणून ठेवला.

"पुतण्याचं मी बघतो, घरातली गोष्ट आहे," सर म्हणाले. "हजेरीचं म्हणशील, तर ते रजिस्टर बोलतं. त्याला मी काय करू? आणि बेटा, तुझंही नाव निघंल यात. तुझा धंदा नवीन आहे."

"तुमचं नाव निघू द्या आधी."

"काढ की. साक्षीला कोण आहे?"

मी बाहेर आले. होस्टेलच्या फाटकात जीप भरत होती. मागं पांढऱ्या ड्रेसमधल्या पोरी मांडीला मांडी लावून बसलेल्या. पुढं एक, सावळी, बारकी, पर्स पोटाशी धरलेली. श्रीधरनं काच खाली केली. मी बॉनेटवर दोन्ही हात मारले. "उत्पला खिल्लारेची बहीण आहे मी! बोला की एखादी! एक जण तरी बोला!"

मागच्या सगळ्या पोरी बाहेर बघत होत्या. खिडकीच्या त्या बाजूला संस्थेची भिंत होती नुसती. पुढच्या मुलीनं मनगटावरचं घड्याळ फिरवलं, तबकडी आत गेली. हॉर्न वाजला. शिपायानं मला हाताला धरून बाजूला केलं.

मी पोलीस स्टेशनलाही गेले. मुलगी कुठं आहे, त्यांनी विचारलं. घरी आहे म्हणाले. घेऊन या म्हणाले.

एसटी स्टँडवर पोचेपर्यंत साईटचा पासवर्ड बदलला होता. मोबाईलवर मेनू उघडून बघितला. संपर्कच्या खाली काही नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी डोळ्यावर रेघ मारली होती. अवघड नसतं ते.

घरी आले तेव्हा माय उंबऱ्यात बसून कपाळ बडवत होती. गल्ली जमली होती.

"नापास झाली म्हणं! तीन वर्षं खिचडी ढवळली मी हिच्यासाठी, हात पोळले, आणि ही नापास! डोक्यात शेण भरलंय हिच्या. थोरलीकडं बघ की जरा, कुठं शिकली नाही सवरली नाही अन् साहेबाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसती!"

उत्पला आत चुलीपाशी होती. मी तोंड उघडलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, हातपाय धू. जेवून घे."

मी हातपाय धुतले. जेवले.

याला नऊ वर्षं झाली. उत्पलाला विचारून लिहितेय. माय असेपर्यंत लिहायचं नाही, एवढी अट तिनं घातलेली होती. माय या चैत्रात गेली.

शेवटचे सहा दिवस ती नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात होती. तोच दवाखाना धरला, कारण उत्पला तिथं मावशी आहे. फरशी पुसते, चादरी बदलते, पेशंटची भांडी धुते. मायच्या हातांची हाडं राहिली होती. नवीन आलेली सिस्टर सलाईनसाठी शीर शोधत होती, एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं. माय कण्हायला लागली. उत्पलानं बादली खाली ठेवली, हात पुसले, मायचं मनगट हातात घेतलं. डोळे मिटून अंगठ्यानं एकदाच चाचपलं.

"इथं घ्या, सिस्टर," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

सुई पहिल्या झटक्यात गेली. ती पोरगी बावीस वर्षांची असेल. म्हणाली, "अय्या, मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

मायनं डोळे उघडले. "हिला बी सिस्टरच करायचं होतं गं बाई," ती त्या पोरीला म्हणाली. "पण डोकं नव्हतं तिला."

"हो ना," उत्पला म्हणाली आणि खाटेखालचं भांडं उचलून बाहेर गेली.